नगरपरिषदेचा कारभार, गावच्या बातम्या आणि कार्यक्रम (महाराष्ट्र)

नगरपरिषद म्हणजे महानगरपालिकेपेक्षा लहान पण ग्रामपंचायतीत न बसणाऱ्या शहराची स्थानिक स्वराज्य संस्था. लोक अजूनही सर्रास ‘नगरपालिका’च म्हणतात, काही ठिकाणी नुसतं ‘पालिका’, आणि त्यात काही चूक नाही. कारभार चालतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यावर. १ लाखाच्या वर लोकसंख्या असली की ‘अ’ वर्ग, ४० हजार ते १ लाख ‘ब’ वर्ग, त्याखाली ‘क’ वर्ग, आणि गावातून शहर होऊ घातलेल्या जागी नगरपंचायत. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने या संस्थांना घटनेत जागा दिली, पाच वर्षांची मुदत ठरवली, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणला आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहून दिले. त्यातले किती विषय खरोखर पालिकेच्या हातात आले हा वेगळा वाद आहे, कारण पैशाची दोरी अजूनही मंत्रालयातच आहे.

मूळ मात्र बरंच जुनं. १८५० च्या २६ व्या कायद्याने शहरांना पालिका स्थापायची मुभा मिळाली आणि मुंबई इलाख्यात बऱ्याच ठिकाणी त्याखाली पालिका निघाल्या, पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने लोकांनी निवडून दिलेले सभासद ही कल्पना रुजली.

आता मुख्य गोष्ट, सर्वसाधारण सभा. गावातल्या निम्म्या बातम्या इथेच जन्माला येतात. कायद्याने साधारण दर दोन महिन्यांत एक सभा घ्यावीच लागते, आधी नोटीस आणि विषयपत्रिका (सगळे अजेंडाच म्हणतात) सदस्यांच्या घरी पोचते, नगराध्यक्ष अध्यक्षस्थानी, शेजारी मुख्याधिकारी म्हणजे सीओ, मागे खातेप्रमुख फायली घेऊन बसलेले. पहिला विषय बहुतेक वेळा मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, आणि पहिलं भांडणही तिथेच होतं, कारण मागच्या वेळी आपण विरोध नोंदवला होता आणि इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ कसं काय आलं असं कुणीतरी उठून विचारतंच. मग एकेक विषय वाचला जातो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर, पुढे चला. वीस-पंचवीस विषय तासाभरात उरकतात आणि एखाद्या गटारीच्या लेव्हलवरून मात्र पाऊण तास जातो. हे हसण्यासारखं वाटतं पण त्या गटारीचं पाणी ज्याच्या दारात साचतं त्याला विचारा.

सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखा भाग शेवटी येतो, ‘ऐनवेळचे विषय’. हे अजेंड्यावर छापलेले नसतात, अध्यक्षांच्या परवानगीने येतात, तोपर्यंत अर्धे सदस्य चहाला उठलेले असतात आणि बातमीदारही बातमी द्यायच्या घाईत बाहेर पडलेला असतो. सगळेच ऐनवेळचे विषय संशयास्पद असतात असं नाही, पाणीपुरवठ्याची मोटर जळाली तर दोन महिने थांबता येत नाही. पण एखाद्या ठेक्याला मुदतवाढ, गाळ्यांचं भाडं, एखाद्या भूखंडाचा विषय असाच सरकवला जातो अशी तक्रार जवळपास प्रत्येक गावात ऐकू येते. चुकीचा ठराव झाला तर १९६५ च्या कायद्यातलं कलम ३०८ आहे, त्याखाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पालिकेच्या बातम्यांत ‘३०८ चा प्रस्ताव पाठवला’ असं वाचलं की समजायचं, प्रकरण आता गावाबाहेर गेलं.

ठराव झाला म्हणजे काम झालं असा वाचणाऱ्याचा समज होतो, आणि पेपरातला मथळाही तसाच असतो, ‘शहरातील रस्त्यांना कोट्यवधींचा निधी मंजूर’. प्रत्यक्षात तिथून पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, दर जास्त आले तर पुन्हा टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग ठेकेदार येणार, आणि मध्ये आचारसंहिता लागली तर नवीन काम सुरूच होत नाही. एकाच रस्त्याची बातमी त्यामुळे चार-पाच वेळा येते: निधी मिळाला, मान्यता मिळाली, भूमिपूजन झालं, काम रखडलं, लोकार्पण झालं. प्रत्येक वेळी फोटो वेगळा, रस्ता तोच. म्हणून बातमी वाचताना काम नेमकं कुठल्या पायरीवर आहे एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं, आणि वर्क ऑर्डरची तारीख आणि कामाची मुदत या दोन गोष्टी बातमीत नसतील तर समजा की अजून बराच वेळ आहे.

ठराव आणि अंमलबजावणी यातलं अंतर किती मोठं असू शकतं याचं इतिहासातलं उदाहरण महाडचं आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले या सदस्याचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कुणाची पाण्याला हात लावायची सोय नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपलाच ठराव मागे घेतला. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पालिकेच्या एका ओळीच्या ठरावात काय काय अडकलेलं असतं ते इथे दिसतं.

पैशाचं म्हणाल तर पालिकेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजारवसुली, बांधकाम परवानगीचं शुल्क. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची, १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं, तेव्हापासून पगार अनुदानावर आणि विकासकामं योजनांवर अशी गत आहे. वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, अमृत, दलित वस्ती सुधारणा, प्रत्येकाचं लेखाशीर्ष (हिशेबातलं खातं) वेगळं आणि एकाचा पैसा दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे पथदिवे लावायला पैसे असतात आणि वीजबिल भरायला नसतात असं होतं. दरवर्षी बजेटची बातमी मात्र ठरलेली, ‘कोणतीही करवाढ नसलेला शिलकी अर्थसंकल्प सादर’. आणि दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक कर आकारणी, म्हणजे घरपट्टी नव्याने ठरवणं, येते तेव्हा खरी खळबळ उडते: नोटिसा घरोघर, हरकतींसाठी रांगा, मोर्चा, ‘अन्यायकारक घरपट्टी रद्द करा’चे बॅनर. हरकत ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावी लागते, सुनावणीला हजर राहावं लागतं, नुसतं व्हॉट्सअपवर ओरडून आकारणी कमी होत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते ती वेगळीच.

राजकारण पक्षाचं कमी आणि आघाड्यांचं जास्त. विधानसभेला एकमेकांविरुद्ध लढलेले लोक पालिकेत ‘शहर विकास आघाडी’ करून एकत्र बसतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून यावर सरकारंच फिरत राहिली, २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला पुन्हा थेट. थेट निवडीत कधीकधी नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होतं, मग प्रत्येक सभेत गदारोळ आणि सभात्याग. महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, त्यामुळे सभागृहात निम्म्या खुर्च्या बायकांच्या. काही गावांत अजूनही ‘नगरसेविका पती’ फाईल घेऊन फिरताना दिसतात पण दुसऱ्या टर्मला स्वतःच्या वॉर्डातल्या पाण्याच्या व्हॉल्वसकट सगळं तोंडपाठ असलेल्या बायकाही दिसतात, आणि अधिकारी त्यांना जास्त दबकून असतात.

बहुतेक पालिकांच्या निवडणुका २०१६ च्या शेवटी नि २०१७ च्या सुरुवातीला झाल्या होत्या, मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकेसमुळे पुढची निवडणूक लांबली. चारेक वर्षं प्रशासक राज. सभा नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत, ठराव प्रशासकच करणार आणि प्रशासकच राबवणार, आणि गावच्या पानांवर पालिकेची बातमी म्हणजे फक्त आलेलं प्रसिद्धीपत्रक. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम लागला, बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, काही ठिकाणी २० डिसेंबरला, आणि हायकोर्टाच्या आदेशाने सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला. मधले एकोणीस दिवस ईव्हीएम गोदामात आणि बाहेर कार्यकर्ते पहाऱ्याला.

पालिकेचं दुसरं अंग म्हणजे कार्यक्रम. गणेशोत्सवाआधी पोलीस स्टेशनला शांतता समितीची बैठक होते, त्यात दरवर्षी तेच विषय निघतात: खड्डे बुजवा, लोंबकळणाऱ्या वायरी वर घ्या, विसर्जन मार्गावरची झाडं छाटा, मोकाट जनावरं आवरा. मंडळाला पालिकेची मंडप परवानगी लागते, पोलिसांची लागते, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन लागतं, हल्ली बऱ्याच ठिकाणी एक खिडकी केलीये तेवढं बरं. विसर्जनाला कृत्रिम हौद आणि निर्माल्य कलश ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे घाट साफ करायचा तो सफाई कामगारांनी, त्यांचा फोटो सहसा कुठे येत नाही. याशिवाय शिवजयंती, १४ एप्रिल, ग्रामदैवताची जत्रा, उरूस, व्याख्यानमाला, रक्तदान शिबिर, आणि निवडणूक जवळ आली की अचानक वाढणारे हळदीकुंकू नि ‘खेळ पैठणीचा’. पंढरपूरसारख्या ठिकाणी तर आषाढीला गावाच्या कितीतरी पट माणसं येतात आणि पाणी, शौचालयं, कचरा हे सगळं पालिकेच्या अंगावर पडतं. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ ला सुरू झालं तसा स्पर्धेचाही एक सीझन आला, १ लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड आणि २०२१ ला विटा देशात पहिलं आलं. त्या काळात भिंती रंगतात आणि घंटागाड्यांवर नवीन जिंगल वाजते.

बातमी पोचते कशी? पूर्वी साप्ताहिकं आणि जिल्हा दैनिकाचा तालुका बातमीदार, ज्याला मानधन नावापुरतं आणि जाहिरातीचं टार्गेट खरं. तीच पालिका जाहिरात देणार आणि तिच्याचविरुद्ध लिहायचं ही अडचण जुनीच आहे, ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला नगराध्यक्षांच्या हस्ते सत्कारही होतो. आता यूट्यूब चॅनल आणि वॉर्डावार व्हॉट्सअप ग्रुप आहेत, ‘उद्या पाणी येणार नाही’ हे तिथे सगळ्यात आधी कळतं, आणि अफवाही तिथेच. भोंगा लावलेली रिक्षा अजून फिरते, घरपट्टी भरा नाहीतर नळ कनेक्शन तोडू म्हणून. खात्री करायची असेल तर पालिकेत अर्ज देऊन ठरावाची नक्कल मागता येते, नाही मिळाली तर २००५ चा माहिती अधिकार आहे. नक्कल हातात आली की सूचक-अनुमोदकांची नावं, ठराव क्रमांक आणि खर्च कुठल्या लेखाशीर्षातून होणार ते आधी वाचायचं, बाकीची भाषा सगळ्या ठरावांत सारखीच असते.