कूस बदलताना

पाठीच्या कण्याला मार लागलेल्या पेशंटच्या वॉर्डात रात्रीचं घड्याळ कुशीवर चालतं. बारा, दोन, चार. डावी कूस, पाठ, उजवी कूस. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त अडतं, कातडी मरते आणि बेडसोर होतो. कंबरेखाली संवेदनाच नसेल तर पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून दर २ तासांनी ही उठाठेव.

दोनच्या कुशीला दिवे मंद असतात, नातेवाईक खाटेखाली चटईवर झोपलेले असतात, आणि बरेचदा नेमक्या तेव्हाच पेशंट विचारतो, "सिस्टर, मी असं काय पाप केलं होतं?" फिजिओच्या पाऊण तासात हा प्रश्न सहसा येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ राउंडला आले की पेशंट "बरं आहे" म्हणून मोकळा होतो. अंगाला हात लावणाऱ्या माणसाजवळ, अंगाचं काम चालू असतानाच तो बोलतो. त्यामुळे पुनर्वसनातल्या नर्सिंगमध्ये मनाचं आणि श्रद्धेचं काम वेगळ्या खोलीत, वेगळी वेळ ठरवून होईल ही अपेक्षा फारशी व्यवहारी नाही. कूस, लघवीची नळी, घास, आंघोळ यांतच ते करावं लागतं.

मुंबईत पुनर्वसनाची परंपरा जुनी आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचाराची शाळा काढली, ती आशियातली पहिली. हाजीअलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ची. लोकलमधून पडलेले, परांचीवरून कोसळलेले, मधुमेहाने पाय गमावलेले, अर्धांगवायू झालेले असे सगळे या वाटेवर येतात. शरीराचं वेळापत्रक सगळीकडे पक्कं असतं. मनाचं मात्र ज्या सिस्टरच्या लक्षात येईल तिच्या भरवशावर.

आता पापाचा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात माणूस धर्माकडे कसा वळतो हे मोजायला एक मापनपट्टी केली. तिच्या छोट्या आवृत्तीत १४ विधानं आहेत. ७ आधार घेणारी ("देव माझ्या पाठीशी आहे" या धर्तीची) आणि ७ झगडा दाखवणारी ("देवाने मला शिक्षा दिली", "देवाने मला सोडलं"). झगडा जास्त असतो तिथे नैराश्यही जास्त आढळतं. म्हणजे "पाप" हा शब्द धार्मिक गप्पांत सोडून देण्यातला नाही. पण त्याला लगेच उत्तरही द्यायचं नसतं. "असं बोलू नये हो" किंवा "सगळं ठीक होईल" म्हटलं की दार बंद. त्यापेक्षा "असं कधीपासून वाटतंय?" एवढं विचारावं आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहावं. पुढचं सहसा पेशंटच सांगतो. नातेवाईकांपैकी कुणीतरी "घरातलं काही करायचं राहिलं म्हणून झालं" असं त्याच्या कानावर घातलेलं असतं, हे अनेकदा इथेच कळतं.

मात्र मनाकडे वळण्याआधी शरीर तपासायचं. मानेजवळ किंवा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीपर्यंत इजा झालेला पेशंट अचानक घाबरा झाला, डोकं ठणकतंय म्हणाला, चेहरा लाल होऊन कपाळावर घाम आला, तर त्याला "शांत व्हा, नामस्मरण करा" सांगणं धोक्याचं आहे. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकतो. इजेखाली काहीतरी टोचतंय किंवा ताणलं जातंय, बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलंय, आणि मेंदूचा लगाम तिथवर पोहोचत नसल्याने रक्तदाब उसळतो. या पेशंटचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० असतो, त्यामुळे "१४० आहे, ठीक आहे" हा हिशेब चुकतो. नेहमीपेक्षा २० ते ४०ने वाढला तरी धोका. आधी पेशंटला बसतं करून पाय खाली सोडायचे, पायजम्याची नाडी, पट्टे सैल करायचे, नळी कुठे मुडपली किंवा मांडीखाली दबली आहे का पाहायचं, दर २ ते ५ मिनिटांनी बीपी घ्यायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. मुडपलेली नळी सरळ केल्यावर पाच मिनिटांत "भीती" ओसरलेली दिसते.

अशीच गल्लत अर्धांगवायूत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेले काही पेशंट "मला काही झालेलं नाही" म्हणतात आणि उठायला जाऊन पडतात. घरचे याला हट्ट समजतात. खरं तर आपला हात लुळा आहे याची खबर ठेवणारा मेंदूचा भागच दुखावलेला असतो, तिथे समजुतीचे शब्द पुरत नाहीत, खाटेचा कठडा लागतो. दुसरे काही पेशंट कुणी भेटायला आलं की ढसाढसा रडतात आणि मिनिटभरात थांबतात. ते दरवेळी दुःख नसतं, भावनेचा ब्रेक निकामी झालेला असतो.

खरं नैराश्यही कमी नाही. अर्धांगवायूनंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते कधी ना कधी गाठतं. चाळणी सोपी आहे. गेल्या २ आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटलं का? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की ९ प्रश्नांची पूर्ण चाचणी. वॉर्डात झोप आणि भूक तशीही बिघडलेली असते, तेव्हा आमच्या मते "रस उरला नाही" या उत्तराला जास्त वजन द्यावं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर पेशंटला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना त्याच वेळी सांगायचं. घरी गेल्यावरसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यावा.

श्रद्धेचा भाग याहून बारीक आहे. उजवा हात गेला की बरेचदा वाचाही जाते, कारण उजवा हात चालवणाऱ्या मेंदूच्या डाव्या बाजूलाच बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र असतं. उजवा हात म्हणजे आपल्याकडे जेवणाचा, प्रसाद घेण्याचा, नमस्काराचा हात. आजोबा डाव्या हाताने घास घ्यायला तयार नाहीत, तेव्हा त्यांना भूक नाही असं समजू नये. त्यांना ती विटंबना वाटते. अशा वेळी लुळा हात डाव्या हातात धरून, दोन्ही हातांची मिळून ओंजळ करून प्रसाद घ्यायला शिकवावं. बोटांत बोटं गुंफून दोन्ही हात समोर उचलण्याचा व्यायाम फिजिओ देतातच, तोच नमस्काराच्या वेळी घेतला की दिवसात चार वेळा जास्त होतो आणि कुणाला सांगावं लागत नाही.

वाचेचं आणखी नवल. "पाणी" हा शब्द न सुचणारी आजी हरिपाठाची ओळ सुरू करून दिली की पुढची ओळ घडाघडा म्हणू शकते. पाठ झालेलं, चालीतलं बोलणं मेंदूत थोड्या वेगळ्या वाटेने येतं, म्हणून आकडे, आरत्या आणि शिव्यासुद्धा शाबूत राहतात. याच गोष्टीच्या आधाराने स्पीच थेरपीत सुरावर शब्द बांधून बोलायला शिकवण्याची पद्धत आहे. घरच्यांनी मोबाइलवर भजन लावून बाजूला होऊ नये. स्वतः अर्धी ओळ म्हणावी आणि थांबावं.

आता धोक्याची जागा: तीर्थ. गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटला पातळ पाणी सगळ्यात वाईट. ते घशात थांबत नाही, श्वासनलिकेत उतरतं, खोकला न येताही उतरू शकतं, आणि न्यूमोनिया होतो. नाकात नळी असताना मावशीची पाठ वळली की चमचाभर तीर्थ तोंडात घालणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्यांच्यावर ओरडलं तर ते लपूनछपून घालतात. "तोंडात नको, कपाळाला आणि डोळ्यांना लावा, मी थांबते" असं म्हटलं की काम होतं. अंगाऱ्याचंही तेच. मनगटाचा गंडा लुळ्या हाताला सूज आली की रुततो. विचारून सोडायचा, फेकायचा नाही, दुसऱ्या हाताला बांधायचा. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेपाशी उदबत्ती आणि निरांजन अजिबात नको, बॅटरीची पणती चालते.

उपासाचा हिशेब आकड्यांत सांगावा. बेडसोर भरून यायला दर किलो वजनामागे रोज १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६२ ते ७५ ग्रॅम. साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच, शिवाय पोट तुंबतं. राजगिरा, दही, दाण्याचं कूट यांवर तडजोड होते. निर्जळी मात्र नको, कमी पाण्याने नळीत गाळ साठतो. इन्शुलिनवर असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासाचं नावच घेऊ नये.

लघवीची पिशवी लावलेली बाई देवाला हात जोडत नाही, सोवळं मोडतं म्हणून. तिला "असं काही नसतं" सांगण्यापेक्षा पिशवी रिकामी करून, वर कापडी खोळ घालून, स्पंज झाल्यावर लगेच पाच मिनिटं पडदा ओढून द्यावा. नमाज बसून, पडून, खुणेनेही अदा करता येते. मुंबईतून किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, साधारण पश्चिमेला, म्हणून उत्तरेला डोकं असलेल्या खाटेवर उजवी कूस त्या वेळेला जुळवली की दोन्ही कामं होतात. गंमत म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या काकांना उत्तरेला डोकं नकोच असतं. विचारल्याशिवाय हे कळायचं कसं? आणि देव न मानणाऱ्यालाही प्रश्न असतोच. रंधा धरता येत नसेल तर मी सुतार कसला, हा त्याचा पापाचा प्रश्न.

उत्तरं मिळाली की त्यांतूनच व्यायामाचं ध्येय काढावं. "स्नायूंची ताकद वाढवणे" यासाठी कुणी पहाटे उठत नाही, "गणपतीला घरी" यासाठी उठतं. मग घरच्यांना चाळीचा जिना मोजून आणायला सांगायचं: पायऱ्या किती, एक पायरी किती उंच, कठडा कोणत्या बाजूला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. चढताना चांगल्या हाताला असलेला कठडा उतरताना दुबळ्या हाताकडे जातो, इथे लोक पडतात. तेव्हा उलट्या पावली उतरायचा सराव आधीच हवा. आरतीला उभं राहायचं तर मागे खुर्ची हवी, कारण आठवडेच्या आठवडे झोपून असलेल्याचा बीपी उभं राहिल्यावर ३ मिनिटांत २०ने घसरू शकतो. ताटाऐवजी चांगल्या हातात घंटा द्यावी. बधिर पायावर निरांजन कलंडलं तर चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो.

हे सगळं एका सिस्टरच्या डोक्यात राहिलं तर तिच्या सुट्टीबरोबर जातं. म्हणून पाळी बदलतानाच्या हँडओव्हरच्या वहीत लघवीच्या मापाखाली आणि बीपीखाली एक ओळ वाढवावी: तीर्थ फक्त कपाळाला. गंडा डाव्या हाताला बांधला. दोनच्या कुशीला बोलतो, घाई करू नये.