बर्फ वितळतो कसा, आणि पुरवायचा कसा
(आमच्या बर्फ कारखान्याच्या ग्राहकांसाठी)

"तुमची लादी लवकर वितळते हो!" ही तक्रार आमच्याकडे मे महिन्यात येते आणि जुलैत जरा जास्तच येते. मासळी विकणाऱ्या मावशा, केटरर आणि पॉट आइस्क्रीमवाले अशा सगळ्यांसाठी ही माहिती एकदाच लिहून काढली आहे.

मुळात बर्फ वितळतो म्हणूनच माल गार होतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी होताना आजूबाजूची ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत एक लिटर बर्फगार पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. एवढी उष्णता पिऊनही बर्फाचं तापमान हलत नाही, कारण ती सगळी घट्ट बांधलेले कण सुटे करण्यात खर्च होते. "जास्त थंड बर्फ द्या" असं काही जण सांगतात, पण उणे ८ अंशांची लादी शून्यावर येईपर्यंत किलोमागे जेमतेम ४ किलोकॅलरी घेते. खरं काम वितळण्यातच होतं.

आता मासळीचा हिशोब पाहू. ३० अंशांवरचा १० किलो बांगडा शून्याच्या आसपास आणायला साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो बर्फ लागतो. हा झाला फक्त गार करण्याचा बर्फ. दिवसभर पेटीच्या भिंतींतून आणि उघड्या झाकणातून शिरणारी उष्णता वेगळी. म्हणून आमच्याकडच्या हवेत मासळीइतकाच बर्फ घ्या असं आम्ही सांगतो, खप वाढावा म्हणून नव्हे.

अख्खी लादी मासळीवर ठेवू नका. ती दोन-चार ठिकाणीच टेकते आणि मधे हवा राहते. चुरा घ्या, तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर लावा आणि सर्वात वर बर्फच ठेवा. वितळलेलं गार पाणी माशाच्या अंगावरून झिरपलं की गारवा सगळीकडे पोचतो आणि रक्त, बुळबुळीतपणाही धुऊन जातो. मात्र ते घाण पाणी पेटीत साचू देऊ नका. तळाचं बूच काढून ठेवा.

उलट बर्फ साठवून ठेवायचा असेल तर लादी अख्खीच बरी. फोडली की पृष्ठभाग वाढतो आणि वितळण्याचा वेगही. भुसा किंवा गोणपाट गुंडाळा, वर ताडपत्री टाका आणि लादी लाकडी पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे ती पाण्यात बसणार नाही.

जुलैतल्या तक्रारीचं कारण मात्र पुष्कळांना पटत नाही. ऊन नसतं, हवा मेपेक्षा गार असते, मग बर्फ जातो कुठे? पावसाळ्यात हवेत बाष्प भरपूर असतं. ते गार लादीला लागलं की त्याचं पाणी होतं, आणि वाफेचं पाणी होताना तिच्या पोटातली सगळी उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम बाष्प असं लादीवर बसलं की सात ग्रॅमहून जास्त बर्फ वितळवतं. म्हणून पंख्याचा झोत बर्फावर सोडू नका, तो सतत नवी दमट हवा आणून देतो. पेटीचं झाकणही गिऱ्हाईक आलं तरच उघडा.

आमच्या कारखान्यात हाच खेळ उलटा चालतो. नळ्यांमध्ये द्रवरूप अमोनिया उकळतो. साध्या हवेच्या दाबाखाली तो उणे ३३ अंशांनाच उकळतो. वायू होताना तो मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि त्या पाण्यात उभ्या केलेल्या डब्यांत लादी धरते. बर्फ कडेकडून आत धरतो आणि विरघळलेली हवा, क्षार मधे ढकलत जातो. लादीचा गाभा पांढरट दिसतो तो त्यामुळे. तो कच्चा बर्फ नव्हे.

पॉट आइस्क्रीमवाल्यांनी तीन भाग चुऱ्याला एक भाग जाडं मीठ धरावं. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि मिश्रण उणे २० अंशांच्या जवळपास जाऊ शकतं. मासळीच्या बर्फात मात्र मीठ नको. बर्फ लवकर संपतो आणि मासा वरून कडक होतो.

सरबत, उसाचा रस आणि बर्फगोळ्यासाठी खाण्याचाच बर्फ मागून घ्या. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर लादी स्वस्त मिळाली तरी ती ग्लासात जाता कामा नये.

लग्नातल्या धुरासाठी लागणारा ड्राय आइस आम्ही बनवत नाही, पण कुठूनही आणलात तरी जपून. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो पाणी न होता थेट वायू होतो, आणि एका किलोतून ५०० लिटरच्या आसपास वायू निघतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा बाटलीत ठेवला तर डबा फुटतो. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा आणि उघड्या हाताने धरू नका.