बोटीच्या इंजिनातलं कूलंट कमी होतंय?
तापी आणि नर्मदेच्या पाण्यात डिझेल बोट चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या नर्मदेच्या फुगवट्यातून, प्रकाशा-सारंगखेड्याकडून तक्रार एकच येते: "भाऊ, इंजिन पानी पी ऱ्हायनं!" रोज सकाळी बाटलीभर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ओतायचं आणि बोट सोडायची, असं महिनोन् महिने चालतं. मग एके दिवशी हेड (इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग) वाकतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

आधी गळती खरंच आहे का, ते बघा. कूलंटची टाकी काठोकाठ भरली तर कूलंट तापून फुगतं आणि जादाचं ओव्हरफ्लोने बाहेर पडतं. सकाळी पातळी खाली दिसते, तुम्ही पुन्हा काठोकाठ भरता. इंजिन थंड असताना कंपनीच्या खुणेपर्यंतच भरा. पुढच्या काही फेऱ्यांत पातळी तिथेच राहिली, तर विषय संपला.

मग प्रेशर कॅप, म्हणजे टाकीचं दाब धरून ठेवणारं झाकण. 0.9 बार दाबाच्या कॅपमुळे साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग ढिली किंवा रबर चिरलेलं असेल तर ते 100 अंशांनाच उकळून बाहेर येतं. वस्तू स्वस्त, म्हणून आम्ही तीच आधी बदलतो. कॅपवर असेल तोच आकडा घ्या, जास्त दाबाची कॅप लावली की होज (रबरी पाइप) फुटतात.

होजच्या क्लिपांजवळ वाळलेला हिरवा-पांढरा थर शोधा. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर सील गेलं. ते भोक बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. बोटीच्या तळातलं पाणी आपोआप उपसणारा पंप असेल, तर गळती दिसतच नाही. बोट काठाला बांधलेली असताना तो थोडा वेळ बंद ठेवून इंजिन चालवा आणि खाली कोरडा पुठ्ठा अंथरा.

पुठ्ठा कोरडाच राहिला, तर आमचा पहिला संशय हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे नदीच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागावर. त्यात नळ्यांच्या एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला नदीचं पाणी. कूलंटचा दाब जास्त, त्यामुळे नळीला भोक पडलं की ते नदीच्या पाण्यात मिसळून सायलेन्सरवाटे निघून जातं. डाग नाही, थेंब नाही. तपासणी अशी: इंजिन थंड असताना नदीचं पाणी घेणारा कॉक बंद करा, एक्स्चेंजरचे नदीकडचे दोन्ही पाइप काढून पाणी निथळू द्या. मग टाकीच्या तोंडावर दाब तपासायचा हातपंप लावून कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्या. उघड्या तोंडातून थेंब आला, तर नळी गेली. हातपंप आमच्याकडून नेता येतो.

आणि हळद! ट्रकच्या रेडिएटरमध्ये हळद टाकून गाडी घरी आणणारे खानदेशात पुष्कळ. एक्स्चेंजरच्या नळ्या अरुंद असतात. हळदीने भोक बुजेल न बुजेल, नळ्या मात्र नक्की तुंबतात. बोअरचं किंवा नदीचं पाणीही टाकीत घालू नका, क्षार आणि गाळ बसतो. बॅटरीत घालतात ते पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं चालेल.

डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, टाकीत सारखे बुडबुडे आले किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) किंवा लायनरची (पिस्टनभोवतीच्या नळकांड्याची) भानगड असू शकते. इंजिन पुन्हा चालू न करता फोन करा.

तापलेल्या इंजिनाची कॅप उघडू नका, त्यात थंड पाणीही ओतू नका. एक्स्चेंजर सुटा काढून मोटारसायकलवर आणलात तरी चालतो, बोट ओढत आणायची गरज नाही. येताना जुनी कॅप आणि इंजिनावरच्या नाव-नंबराच्या पट्टीचा फोटो आणा.