पॅसिव्ह सॅम्पलर

पॅसिव्ह सॅम्पलर म्हणजे नदीत नाहीतर खाडीत काही आठवडे टांगून ठेवायचं उपकरण, ना पंप ना बॅटरी, पाण्यात विरघळलेली कीटकनाशकं, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली क्लोरीनवाली रसायनं), पीएएच (इंधन जळताना धुरात तयार होणारी रसायनं) असली सेंद्रिय प्रदूषकं ते आपसूक शोषत राहतं. (सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनची संयुगं, बाजारातली सेंद्रिय भाजी नव्हे.)

एरवी बाटली बुडवायची, पाणी भरायचं, लॅबला पाठवायचं. कोकणातल्या नद्यांना ते पुरत नाही. वाशिष्ठीचंच बघा, जवळ लोटे परशुरामची केमिकल वसाहत, वरून पोफळीला कोयनेच्या वीजघरातनं सुटलेलं पाणी, खालनं दाभोळ खाडीची भरती, त्यामुळे सकाळची बाटली नि दुपारची बाटली यांचा मेळ बसेलच असं नाही आणि रात्री कुणी काही सोडलंच तर उजाडेपर्यंत ते ओहोटीबरोबर पसार. सॅम्पलर साधारण 28 दिवस ठेवतात, म्हणजे अवसेचं उधाण, पुनवेचं उधाण, मधले भांग (भरती-ओहोटी कमी असते ते दिवस), सगळं त्यात येतं.

जुना नि गाजलेला प्रकार एसपीएमडी (सेमिपर्मिएबल मेम्ब्रेन डिव्हाइस, म्हणजे अर्धपार्य पडद्याचं उपकरण), 1990 च्या सुमारास अमेरिकेत जेम्स हकिन्स आणि सहकाऱ्यांनी काढलेला. पॉलिथिनची चपटी नळी, 91 सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, आत 1 मिली ट्रायोलीन, दिसायला थेट वितळलेल्या पेप्सीकोलाची रिकामी होत आलेली पिशवी. ट्रायोलीन ही माशांच्या अंगातही सापडणारी चरबी, म्हणून कालवं-शिनाणे जे अंगात साठवतात तेच ही नळी साठवते, फक्त विष जास्त झालं तरी ती मरत नाही. पाण्यात सहज विरघळणारी औषधं, तणनाशकं यांना पॉसिस नावाचा वेगळा सॅम्पलर लागतो.

खरी मेख हिशोबात आहे. प्रवाह, तापमान, नळीवर चढलेलं शेवाळ, सगळ्यानेच शोषायचा वेग बदलतो, म्हणून नदीत नसणारी काही रसायनं मोजून आधीच आत घालतात आणि शेवटी त्यातली किती उरली यावरून वेग काढतात. शिवाय नळी हवेतलंही शोषते! जेटीवर डबा उघडला नि शेजारी होडीचं डिझेल इंजिन धूर सोडतंय तर तोही आकड्यात शिरणार, त्यासाठी एक कोरी नळी तेवढाच वेळ काठावर उघडी ठेवून परत डब्यात बंद करतात.

मिळतो तो महिन्याचा सरासरी आकडा. कुठल्या रात्री सोडलं ते यातनं कळत नाही, त्याला बाटलीच हवी, तीही वेळेवर.