हबल टाइम आणि विश्वाचं वय, दोन्ही एक नाही

विश्वाचं वय कसं काढतात असं विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, हबल कॉन्स्टंट (विश्व आज किती वेगाने प्रसरतंय तो आकडा) घ्या, उलटा करा (१ ला त्याने भागा), झालं. पण त्यातून निघतो तो हबल टाइम, वय नव्हे. दोन्ही १४ अब्ज वर्षांच्या आसपास येतात म्हणून फरक कुणाला खटकत नाही.

हबल टाइममध्ये काय धरतात, तर दीर्घिका आज ज्या वेगाने लांब जातायत त्याच वेगाने पहिल्यापासून जात होत्या. म्हणजे गाडी आत्ता ८० ने पळतेय एवढ्यावरून ती पुण्याहून कधी निघाली ते सांगायचं, मध्ये घाट लागला होता का हे न विचारता. प्लँक उपग्रहाच्या डेटातून हबल कॉन्स्टंट ६७.४ येतो (३२.६ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला ६७.४ किमीने लांब जाते), तो उलटा केला की १४.५ अब्ज वर्षं. वय मात्र १३.८ अब्ज!

कारण वयासाठी प्रसरणाचा अख्खा इतिहास लागतो. आधी पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रसरण मंदावत गेलं, मग गेली पाचेक अब्ज वर्षं डार्क एनर्जी (प्रसरणाला वेग देणारी, अजून नीट न कळलेली ऊर्जा) ते वाढवतेय, आणि हे दोन्ही परिणाम आज जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून आकडे इतके जवळ दिसतात, हा निव्वळ योगायोग आहे. नुसता पदार्थच असता तर वय हबल टाइमच्या दोन तृतीयांश आलं असतं, दहा अब्जांच्याही आत. आणि तारकागुच्छांतले म्हातारे तारे तर त्याहून वयस्कर निघत होते! १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं तेव्हा कुठे हा पेच सुटला, मला तर या विषयातली हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

१९२९ ची अडचण वेगळी होती. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलचा आकडाच ५०० च्या आसपास होता, म्हणजे हबल टाइम जेमतेम २ अब्ज, पृथ्वीपेक्षाही कमी. तिथे प्रसरणाचा इतिहास नाही, दीर्घिकांची अंतरंच चुकली होती. सेफीड तारे (तेज ठरावीक काळाने कमीजास्त होणारे, ज्यांवरून अंतर मोजतात) दोन प्रकारचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने १९५२ मध्ये दाखवलं आणि अंतरं एकदम दुपटीच्या घरात गेली.

आजही सेफीड आणि सुपरनोव्हांवरून हबल कॉन्स्टंट ७३ च्या आसपास येतो. पदार्थ आणि डार्क एनर्जीचं प्रमाण तेच ठेवून हा आकडा घातला तर वय १२.७ अब्जांवर येतं, म्हणजे सगळ्यात जुन्या ताऱ्यांना परत जागा अपुरी पडायला लागते.