टेस्टला गिअर टाकताना झटका बसतो? आधी हे वाचा

लर्निंग काढून महिना झाला, पक्क्या लायसन्सच्या टेस्टची तारीख मिळाली, की आमच्याकडचे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, सर गाडी तशी येते हो, पण ट्रॅकवर गेलं की गिअर टाकताना झटके बसतात. म्हणून हा कागद. क्लासच्या गाडीत बसून वाचू नका, घरी चहा पिताना वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे झटका गिअरच्या दांड्यामुळे बसत नाही, डाव्या पायामुळे बसतो. इंजिन एका वेगाने फिरत असतं, चाकं दुसऱ्याच वेगाने, आणि या दोघांची गाठ क्लचप्लेट घालून देते. तुम्ही क्लच फटकन सोडला की ती गाठ एकदम बसते आणि गाडी मान हलवते, पहिल्या गिअरमध्ये असाल तर बंदच पडते. हळू सोडला तर प्लेट थोडी घसरत घसरत पकडते आणि मागच्या सीटवरच्या माणसाला कळतही नाही.

ती पकडायची जागा म्हणजे हाफ क्लच. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका, आणि टाच जमिनीवर टेकवून क्लच मुंगीच्या पावलाने वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होईल, स्टिअरिंगला बारीक थरथर येईल. तिथेच पाय थांबवायचा, एक श्वास घ्यायचा, गाडी सरकायला लागेल, मग उरलेला सोडायचा. एवढंच वीस वेळा करा, बाकी काही नको. स्वतःची गाडी टेस्टला नेणार असाल तर हे त्याच गाडीत करा, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. आणि चप्पल नको, पातळ तळाचे बूट घाला, पावसाळ्यात तळ पुसून बसा, ओला बूट पेडलवरून सटकतो.

आता पहिल्यावरून दुसरा. गाडीने दहा-पंधराचा स्पीड पकडला की रेस सोडा, क्लच पूर्ण खाली, अर्धा दाबून गिअर टाकला तर कडकड वाजणारच, मग दांडा सरळ मागे ओढा, हाफ क्लचवर क्षणभर थांबा, सोडा, आणि मगच रेस. घाई सगळी शेवटच्या दोन कामांत होते, क्लच अजून वर येतोय तोवर उजवा पाय रेसवर दाबलेला असतो आणि इंजिन बोंबलतं.

हाताचंही सांगतो. पहिला-दुसरा टाकताना तळवा शेजारच्या सीटकडे करून दांडा हलकासा तिकडे रेटत ठेवा. तिसऱ्याला मात्र ओढू नका, दांडा न्यूट्रलला सोडला की स्प्रिंगने आपोआप मधे येतो, तिथून सरळ पुढे ढकलायचा. आमच्या एका काकू तिसरा टाकताना दांडा जोरात स्वतःकडे खेचायच्या, तो थेट पाचव्यात जायचा, गाडी खुळखुळायला लागायची आणि त्या म्हणायच्या गाडीतच काहीतरी बिघाड आहे. दोन बोटांनी धरायला लावला, दुसऱ्या दिवशी जमलं. मूठ आवळायची नाही. आणि खाली बघायचं नाही, बघितलं की स्टिअरिंगही त्याच बाजूला वळतं.

आठ मारताना, म्हणजे ट्रॅकवर इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवताना, मधेच गिअर बदलायच्या भानगडीत पडू नका, पहिल्यावरच आरामात होतो. पण म्हणून गिअर बदलणं कोणी बघत नाही असं नाही हं, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 15 मध्ये स्पष्ट आहे की गिअर योग्य वेळी आणि नीट बदलता आला पाहिजे, उतारावर पटकन खालच्या गिअरवर येता आलं पाहिजे, आणि चढावर थांबून गाडी मागे न जाता परत उचलता आली पाहिजे.

चढावर भलेभले अडकतात. पुण्याची मंडळी टेस्टला भोसरीच्या आयडीटीआर (ड्रायव्हिंग प्रशिक्षण आणि संशोधन संस्था) ट्रॅकवर जातात, तिथे चढाचीच सगळ्यांना धास्ती. उपाय साधा आहे: हँडब्रेक ओढलेलाच ठेवा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हाफवर आणा, गाडीचं नाक जरासं वर उठलेलं जाणवलं की मगच हँडब्रेक खाली. नाक उठायच्या आधी सोडलात तर गाडी मागे घरंगळणार म्हणजे घरंगळणार. गाडी बंद पडली तर ब्रेक, क्लच, न्यूट्रल, स्टार्ट, याच क्रमाने.

नापास झालात तर 7 दिवसांनी परत देता येते, पण तीनदा झालात तर मग 60 दिवस थांबावं लागतं. त्यामुळे अजून हाफ क्लच सापडला नसेल तर लाजू नका, ऑफिसात सांगा, आम्ही टेस्टच्या आदल्या दिवशी सकाळी रस्ता रिकामा असताना फक्त चढावर घेऊन जातो. त्या दिवशी पाचवा गिअर आम्ही टाकूच देत नाही.