बरी द लीड

बातमीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीला न सांगता खालच्या परिच्छेदात जाऊ देणे, या चुकीसाठी इंग्रजी पत्रकारितेत रूढ झालेला वाक्प्रचार. बरी म्हणजे पुरणे आणि लीड म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद. मराठी वृत्तपत्रांच्या कचेरीत त्याला इंट्रो म्हणतात. अमेरिकेत या लीडचे स्पेलिंग एल-ई-डी-ई असेही करतात. छापखान्यात ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत आणि शिशाचे स्पेलिंगही एल-ई-ए-डी, म्हणून हा वेगळेपणा आला असे सांगतात. मेरियम-वेबस्टर कोशाने हे रूप २००८ मध्ये स्वीकारले. दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच ठेवावे.

जागा अपुरी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. त्यामुळे तळाशी राहिलेला मुद्दा छापलाच न जाण्याची भीती असते. चूक गंभीर मानली जाते ती यासाठी.

सोलापुरातले उदाहरण घेऊ. शहराला शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने पाणी येते आणि ते किती दिवसांआड सुटणार, यावर घराघरातली कामे ठरतात. समजा, महापालिकेच्या एका कार्यक्रमाची बातमी दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावे, शाल-श्रीफळ अशी सुरू झाली आणि पाणी चारऐवजी पाच दिवसांआड येणार हे सहाव्या परिच्छेदात आले. इथे हा वाक्प्रचार नेमका लागू पडतो. सत्काराने सुरू होणाऱ्या बातम्यांची सवय जिल्हा पानांवर अजून घट्ट आहे आणि तिचा फटका वाचकाला बसतो.

बातमी मुळात येऊच दिली नाही तर मात्र हा वाक्प्रचार वापरू नये. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ असताना वृत्तपत्रांवर आलेली बंधने म्हणजे दडपशाही होती. तिला मांडणीतली चूक म्हणणे हा अन्याय ठरेल. गड्ड्याच्या यात्रेवरचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरचा, एखादा लेख मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या सरावापासून सुरू होऊन सावकाश अक्षता सोहळ्याकडे, यात्रेच्या मुख्य विधीकडे, आला, तर तीही चूक नाही. लेखकाने तो मुद्दा जाणून राखून ठेवलेला असतो.

हा दोष फक्त वार्ताहराचा नसतो, उपसंपादकांच्या डेस्कवरही घडतो. मराठीत लिहिताना ‘लीड पुरली’ असे शब्दशः भाषांतर करू नये. ‘मुख्य मुद्दा तळाशी गेला’ एवढे पुरते.